भाकिताची स्वच्छ प्रत

पुण्यात एकूण मंडळं किती, ह्याची मोजदाद करायला एकदा एक मंडळ निघालं होतं. वर्षभरात तेच फुटलं आणि त्याची दोन झाली, तेव्हापासून मोजदाद थांबलेली आहे. ह्या न मोजलेल्या मंडळांपैकी एक म्हणजे ‘मंदगती ग्रह अभ्यास मंडळ’. नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ते भरे. त्याचे सभासद चंद्र-मंगळाच्या वाटेला जात नसत. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. अशा उठवळ ग्रहावर सकाळी भाकीत करावं तर संध्याकाळी लोक गचांडी धरायला हजर. मंडळाचे ग्रह तीनच. हर्षल, म्हणजे युरेनस, एका राशीत सात वर्षं बसतो, नेपच्यून चौदा, आणि प्लूटोनं एकदा बूड टेकलं की बारा ते तीस वर्षं तो हलायचं नाव काढत नाही. असल्या ग्रहांवरून एकट्यादुकट्या माणसाचं नव्हे, अख्ख्या समाजाचं भविष्य कळतं, अशी मंडळाची श्रद्धा. मंडळ राशी मोजायचं सायन पद्धतीनं, नेहमीच्या निरयन पंचांगाप्रमाणे नव्हे. निरयनवाल्यांच्या घरच्या लग्नाला हे लोक जात, पण जेवत नसत. मागे शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हा मंडळानं निषेधाचा ठराव इंग्रजीत टाइप करून परदेशी धाडला होता. उत्तर आलं नाही. मंडळानं ती दिरंगाई प्लूटोच्याच खात्यावर टाकली.

मंडळाची एक रीत होती. ग्रह नव्या राशीत शिरला की सभासदानं समाजाचं भाकीत लिहायचं, पाकिटात घालायचं, वर लाख लावायची आणि पाकीट लोखंडी पेटीत टाकायचं. तो ग्रह त्या राशीतून बाहेर पडला की भर सभेत पाकीट फोडायचं. मधल्या काळात लिहिणाऱ्यानं गयावया केली तरी पाकीट परत नाही. कच्चा कागद साक्षीदारासमोर फाडायचा, म्हणजे मागाहून कुणी “माझ्या मनात वेगळंच होतं” म्हणायला नको. हे शेवटचे दोन नियम रंगरावांनी हट्टानं करवून घेतलेले. त्यांचा परिणाम असा व्हायचा की सात किंवा सोळा वर्षांनी पाकीट फुटेपर्यंत आपण काय लिहिलं होतं ते लिहिणाऱ्यालाच आठवत नसे. एका सभासदानं तर स्वतःचंच भाकीत ऐकून, “हा कोण गाढव?” असं मोठ्यांदा विचारलं होतं.

तर हे रंगराव. मूळचे वर्धेकडचे, खडकीच्या बाजूला एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटले आणि धायरीत दोन खोल्यांत राहिले. त्यांचं अक्षर हा एक स्वतंत्र विषय. कारखान्यात त्यांनी लिहिलेली रजेची चिठ्ठी साहेबांनी वायरिंगचा नकाशा समजून तिसऱ्या शेडला पाठवली, आणि तिथे म्हणे तीन वर्षं बंद पडलेला दिवा लागला. असल्या अक्षरातलं भाकीत सभेत वाचणार कोण? म्हणून रंगराव कच्चं लिहीत आणि त्यांची बायको गोदाबाई त्याची स्वच्छ प्रत करी. गोदाबाईंचं शिक्षण सातवीपर्यंत, पण शाळेत सुलेखनाचं बक्षीस कधी दुसऱ्या मुलीला गेलं नव्हतं.

आणि ह्या गोदाबाईंच्या मनावर अठ्ठावीस वर्षं एक पाप बसलेलं होतं. ती स्वच्छ प्रत स्वच्छ होती, पण प्रत नव्हती.

झालं ते असं. शहाण्णव साली हर्षल मकरेतून निघाला आणि रंगरावांचं पहिलं पाकीट फुटलं. त्यात होतं, पर्वती मधोमध दुभंगेल, मुठा उलटी वाहील आणि शनिवारवाड्यावर पुन्हा जरीपटका लागेल. पहिल्या कलमालाच सभेत खसखस पिकली. अध्यक्ष श्रीनिवासराव कॉलेजात गणित शिकवणारे, ते चष्मा पुसत म्हणाले, “रंगराव, मी आत्ता पर्वतीवरूनच आलो. पायऱ्या तेवढ्या वाढल्यासारख्या वाटल्या, पण ते वयानं असेल. तुमच्या वर्धेकडे काही दुभंगलंय का, चौकशी करा.” पेठेतल्या माणसांचं हसणं मोठं नसतं, ते पानात लिंबाची फोड ठेवावी तसं बाजूला ठेवतात. रंगरावांनी ते उचललं, घरी आणलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “गोदे, परत वर्धेला जाऊ. इथं आपली किंमत नाही.”

गोदाबाईंना वर्धेला जायचं नव्हतं. त्यांना रोज बसनं मंडईत जायचं होतं. धायरीत भाजी मिळायची, पण मंडईत माणसं मिळायची. मेथीवाल्या द्वारकाबाईंच्या गाळ्यापाशी पोत्यावर बूड टेकून तासभर बसलं की अख्खं शहर समोरून जायचं, आणि द्वारकाबाई मेथी निवडता निवडता त्याचं पान न् पान सोडवून दाखवायच्या.

त्याच आठवड्यात हर्षल कुंभेतलं नवं भाकीत उतरवायला रंगरावांनी कागद दिला. त्यात पुन्हा पर्वती. गोदाबाईंनी कागद बाजूला ठेवला. सात वर्षांनी परत ते हसणं, परत दोन दिवस उपास, परत वर्धा. त्यांना आदल्याच दिवशीची गोष्ट आठवली. द्वारकाबाईंची लेक आईला डबा द्यायला भावाची लूना घेऊन आली होती, आणि धुळीला वैतागून तिनं आईच्या जुन्या ओढणीनं डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलं होतं.

“दरोडा घालायला निघाली जणू,” द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. “पर बरं हाय. ऊन न्हाई, धूळ न्हाई, आन् कोन कुटं चाललंय त्ये सासूलाबी वळखू येत न्हाई. बगा गोदाताई, समद्या पोरी ह्येच करत्यात का न्हाई.”

गोदाबाईंनी पेन उचललं आणि पर्वतीच्या जागी लिहिलं: ‘कलम एक. ह्या शहरातील स्त्रिया स्वतःच्या वाहनावर, तोंडास फडके बांधून, एकट्या कामाला जातील व कोणास विचारणार नाहीत.’ मुठेच्या नि शनिवारवाड्याच्या जागीही असंच काहीबाही. रंगरावांनी चष्मा न लावता सही केली. लाख लागली.

त्या रात्री गोदाबाईंना झोप नाही. नवऱ्याच्या विद्येत आपण हात घातला. लबाडी ती लबाडी. सकाळी अंघोळ करून त्यांनी देवापुढे आंबा सोडला, जन्मभरासाठी. आंबा हे त्यांचं एकमेव व्यसन होतं. माहेरच्या विहिरीवर आंबे खाता खाता त्या एकदा आत पडल्या होत्या आणि वर काढल्यावर पहिल्यांदा हातातली कोय तपासली होती, असं त्यांचा भाऊ शपथेवर सांगे.

रंगरावांनी विचारलं, “आंबा काहून सोडला गं?”

“नवस आहे.”

“कशाचा?”

“बायकांचा असतो एक.”

पुढच्या उन्हाळ्यापासून रंगराव पायरीची वाटी घेऊन समोर बसत, कोय चोखत म्हणत, “बाप्पा! काय गोड आहे. काहून सोडला गं? तुझा नवस नसता तर...” आणि गोदाबाई पोळी लाटत खाली बघत.

दोन हजार तीन साली पाकीट फुटलं. तोवर पुण्यात फडकं न बांधलेली मुलगी गाडीवर दिसली तर ती बाहेरगावची समजत. श्रीनिवासरावांनी कलम दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “रंगराव, आम्ही चुकलो.” पुण्यात हे वाक्य त्याआधी कधी उच्चारलं गेलं असल्याची नोंद नाही. घरी आल्यावर रंगराव खुर्चीत बसून कितीतरी वेळ मान हलवत राहिले. “गोदे, मी असं लिहिलं होतं हे माझ्याच ध्यानात नव्हतं पाहा! हर्षल बोलून गेला माझ्या तोंडून.” गोदाबाई वळून ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे भरले होते. पाप होतं, पण माणूस जेवत होता.

मग हात बसला. खराडीहून कोथिंबीर घेऊन येणारा संपत एकदा म्हणाला, “बाई, आमच्या शेतात कुणी बूट घातलेली मानसं काठ्या रोवून गेली.” हर्षल मीनेच्या पाकिटात गेलं की खराडीच्या कोथिंबिरीवर काचेची ऑफिसं उगवतील आणि पोरं इथं बसून रात्रभर परदेशचं काम करतील. हर्षल मेषेत दाराशी परक्याच्या हातचं जेवण आलं. दोन्ही पाकिटं अकरा साली आणि एकोणीस साली फुटली, खणखणीत वाजली. आता फुटायच्या बेतात होतं प्लूटो मकरेचं, दोन हजार आठ सालचं. प्लूटो कुंभेत पक्का शिरला चोवीसच्या नोव्हेंबरात. ओळीनं चार पाकिटं खरी ठरली तर सभासदाला ‘मंदगती-मार्तंड’ पदवी, शाल आणि श्रीफळ. डिसेंबरचा पहिला रविवार ठरला.

गोदाबाईंनीही एक ठरवलं. त्या सत्तरीच्या झाल्या होत्या. पदवी नवऱ्याच्या अंगावर पडायच्या आत त्याला सगळं सांगून टाकायचं. रागावला तर रागावू दे. पायावर डोकं ठेवू, म्हणू, तुमचा अपमान बघवला नाही म्हणून केलं.

शनिवारी सकाळी रंगराव कटिंगला गेले आणि मागे श्रीनिवासरावांचा फोन आला. “वहिनी, गौरवपत्रावर फोटो लागतो. तरुणपणीचा चालेल, ओळखायचं आम्ही बघून घेऊ.”

फोटो शोधायला गोदाबाईंनी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा ओढला. तो रंगरावांचा; पंचांगांखाली काय आहे हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पंचांगांखाली एक फाइल होती. फाइलमध्ये निळ्या कार्बनची पानं होती, त्या ओळखीच्या, मुंग्यांनी मोर्चा काढावा तशा अक्षरातली. साक्षीदारासमोर फाडला जायचा तो वरचा कागद. खालचा हा असा घरी राहायचा. पाकीट फुटलेल्या प्रत्येक कार्बनला त्याची सभेत वाचलेली प्रत टाचलेली होती, गोदाबाईंच्याच मोत्यासारख्या अक्षरातली. शेजारी शेजारी, ओळीला ओळ. आणि समासात लाल शाईनं शेरे. ते अक्षर अख्ख्या जगात एकच माणूस वाचू शकत होता, आणि तो आत्ता तिथे जमिनीवर बसला होता.

दोन हजार तीन. ‘पर्वती नाही. सौ.ने फडके घातले. बरोबर आले.’ त्याखाली: ‘सौ. बदलते. आंबा का सोडला ते आज कळले. बोलू नये, नाहीतर थांबेल.’

गोदाबाईंनी ते पुन्हा वाचलं. मंडईत त्या वांगं घेताना देठाकडून एकदा नि बुडाकडून एकदा बघत, तसं तेही दोन्ही बाजूंनी बघितलं. कीड दोन्हीकडून दिसत होती.

पुढे आठ सालचं पान लागलं, अजून प्रत न टाचलेलं. हे त्यांना चांगलं आठवत होतं, कारण त्यातल्या चौथ्या कलमात रंगरावांनी एकच शब्द लिहिला होता: ‘घोडा.’ त्या एका शब्दानं गोदाबाईंनी तीन दिवस काढले होते. प्लूटोचा घोड्याशी काय संबंध? ह्यांना बरं नाही की काय? शेवटी घाबरत घाबरत त्यांनी तिथे मंडईत पाहिलेलं घातलं होतं. द्वारकाबाई गावाकडच्या भावाला मनीऑर्डर न करता फोनमधला बोलायचा बॅलन्सच पाठवायला लागल्या होत्या आणि तो तिकडे तोच विकून मीठमिरची आणायचा. म्हणून ‘कलम चार. सुट्टे पैसे संपतील. भाजीवालीसुद्धा फोनातून पैसे घेईल.’ आता घोड्यासमोर समासात लाल शाईत दोनच शब्द होते: ‘सौ. भरेल.’

म्हणजे घोडा हा घोडाच नव्हता. जागा भरायला टाकलेला दगड होता. अकरा सालच्या पानावर तर कलम तीन ते सात मिळून एक उभी रेघ ओढलेली.

गोदाबाई बसून राहिल्या. दूध उतू गेल्याचा वास आला, तरी उठल्या नाहीत. आपण फसवतोय म्हणून अठ्ठावीस उन्हाळे जीव जाळला. शेजारीण चार हापूस देऊन गेली की त्यांच्या वासानं रडू यायचं. आणि समोर वाटी घेऊन बसलेल्या माणसाला ठाऊक होतं! “काहून सोडला गं” हे त्यानं दरसाल विचारलं, ठाऊक असून विचारलं. “माझ्याच ध्यानात नव्हतं पाहा” म्हणून मान हलवली, तीही ठाऊक असून. सांगितलं असतं तर? “गोदे, तू लिहितेस ते बरोबर येतं,” एवढंच म्हटला असता, तर ह्याच हातांनी आणखी दहा पाकिटं फुकट लिहून दिली असती. पण त्याला वाटलं, थांबेल. बैलाला झापड लावतात तशी लावली.

रंगराव आले ते मानेला पावडर लावून, खुशीत. “काय करून राहिली? दूध गेलं वाटतं. हे घे, प्लूटो कुंभेचं. उद्याच पेटीत टाकायचं आहे. चव्वेचाळीस साली फुटेल. नीट उतरव.” थांबून ते हसले. “आपण दोघंही नसू तेव्हा, पण नाव राहील. लोक म्हणतील, बाप्पा, काय माणूस होता!”

कागदावर सात कलमं होती. पहिल्यात पर्वती. सहाव्यात एकच शब्द: ‘हत्ती’.

“सहाव्यात हे काय आहे?” गोदाबाईंनी विचारलं.

“प्लूटोची भाषा असते ती. तुला नाही कळायची. तू उतरव.”

संध्याकाळी त्यांनी दोन प्रती केल्या. एक जशीच्या तशी. पर्वतीची पर्वती, हत्तीचा हत्ती. दुसरी नेहमीसारखी. द्वारकाबाईंच्या नातीनं मागच्या महिन्यात चांगला पगारदार मुलगा नाकारला होता, कारण त्याचा फ्लॅट धायरीत आणि सोसायटीला पाणी टँकरचं. “पत्रिका जुळली हो,” द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, “पानी जुळंना.” तेव्हा दुसऱ्या प्रतीत लिहिलं की लग्नं जुळवताना लोक पत्रिकेच्या आधी नळ बघतील, पुण्याबाहेर गेलेली पोरं विहीर असलेल्या गावांकडे वळतील, आणि असं बरंच. लिहिताना नेहमीसारखी मजा आली, तेव्हा स्वतःचाच राग आला. दोन्ही घड्या पर्समध्ये ठेवल्या. डाव्या कप्प्यात त्यांची, उजव्या कप्प्यात आपली. मनाशी म्हणाल्या, उद्या चारचौघांत ह्या माणसानं माझ्याबद्दल एक शब्द खरा काढला, एकच, तर आपली देईन. मग घरी जाऊन काय भांडायचं ते भांडू.

रविवारी हॉल भरला होता. म्हणजे सत्तावीस माणसं होती, त्यातली दोन जागी. लाख फुटली. श्रीनिवासरावांनी कलम चार वाचलं, तेव्हा जागे असलेल्यांनी झोपलेल्यांना हलवलं. दोन हजार आठ साली हा माणूस भाजीवालीच्या फोनातल्या पैशांबद्दल लिहितो! मागून कुणीतरी म्हणालं, “मला आज सकाळी दहा रुपयांच्या कढीपत्त्यालासुद्धा तिनं स्कॅन करायला लावलं हो!” टाळ्या पडल्या. शाल पडली. नारळ आला.

“मार्तंडांनी दोन शब्द बोलावेत,” श्रीनिवासराव म्हणाले. “दोनच, असा आग्रह नाही; पण हॉल साडेबारापर्यंतच आहे. आणि आपली पद्धत तेवढी सांगा. आम्ही चाळीस वर्षं त्याच प्लूटोकडे बघतोय, तो आमच्याशी बोलत नाही.”

रंगराव उभे राहिले. पहिल्या रांगेत गोदाबाईंची बोटं पर्सच्या चेनवर होती.

“पद्धत अशी काही नाही,” रंगराव म्हणाले. “समाजाकडे बघायचंच नाही. समाज फसवतो. मी चाळीस वर्षांत मंडईत पाऊल टाकलं नाही. प्लूटोकडे एकटक बघत राहायचं. समाज आपोआप दिसतो.”

टाळ्या.

“आणि आणखी एक. आज एका व्यक्तीचा उल्लेख केला नाही तर मी कृतघ्न ठरेन.” त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. “आमच्या सौ. गोदावरी.”

गोदाबाईंची बोटं डाव्या कप्प्यावरून उजव्याकडे सरकली. बोल. बोल की आता.

“ह्या माझ्या चारी भाकितांमध्ये त्यांचा फार मोठा वाटा आहे,” रंगराव म्हणाले, आणि शालीची घडी सारखी केली. “त्यांचं अक्षर फार सुंदर आहे.”

हशा झाला, टाळ्याही. श्रीनिवासराव म्हणाले, “वहिनी, उभ्या राहा, लोकांना दिसू द्या. अक्षर नाही, तुम्ही.”

गोदाबाई उभ्या राहिल्या. नमस्कार केला. चेन ओढून डाव्या कप्प्यातली घडी काढली आणि नेऊन टेबलावर ठेवली. रंगरावांनी ती न उघडताच सही केली आणि बायकोकडे बघून एक डोळा किंचित बारीक केला. इतकी वर्षं गोदाबाईंना ते त्यांच्या दृष्टीचं दुखणं वाटायचं. कच्चा कागद फाडला गेला. लाख तापली, टपकली, शिक्का बसला. पेटी बंद झाली. बाहेर पडताना गोदाबाईंनी उजव्या कप्प्यातल्या घडीचे आठ तुकडे केले आणि जिन्याखालच्या बादलीत टाकले.

धायरीच्या बसमध्ये त्यांना पुढे बायकांच्या बाजूला जागा मिळाली. रंगरावांना मागे, नारळासकट. दांडेकर पूल आला. मग राहवलं नाही. तीन सीटांवरून ओरडले, “गोदे, कुंभेत काय घातलं गं?”

एवढी वर्षं हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मार्तंड झाल्यावर जीभ सैल सुटली होती.

गोदाबाई वळल्या. “काय घातलं म्हणजे? तुम्ही लिहिलं ते.”

“ते झालंच. पण म्हणजे... तू काय...”

“जसंच्या तसं. एक अक्षर बदललं नाही.”

रंगराव हसले. मग हसणं अर्ध्यात थांबलं. “पर्वती?”

“दुभंगली.”

“अन् सहावं?”

“हत्ती,” गोदाबाई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या मुलीनं कानातली वायर काढली.

रंगराव दांडे धरत पुढे आले. शाल कुणाच्या तरी पिशवीत अडकली. “अगं, मस्करी करतेस. तू नेहमी...” त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “तुला तर माहीतच आहे ना.”

“मला काल कळलं. कपाटातल्या फाइलीत. लाल शाईत. तुम्हाला एकवीस वर्षं माहीत होतं.”

“मग त्यात वाईट काय झालं? तुझं चाललं होतं, माझं चाललं होतं. मी तुला कधी टोकलं?”

“नाही टोकलंत. ‘बोलू नये, नाहीतर थांबेल’ असं लिहून ठेवलंत.” गोदाबाईंना एवढ्या माणसांत रडू नको होतं, पण आवाज चिरकलाच. “अहो, मी तुम्हाला फसवते म्हणून अठ्ठावीस वर्षं देवापुढे तोंड वर केलं नाही. आणि तुम्ही समोर बसून आंबा खात होता.”

पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे न वळता म्हणाले, “हे चुकलंच तुमचं.”

“तुम्हाला कुणी विचारलं?” रंगराव खेकसले. मग बायकोकडे वळले, तेव्हा खेकसणं उरलं नव्हतं. “गोदे, चव्वेचाळीस साली ते वाचतील. हत्ती वाचतील. मी नसेन तिथं. शहाण्णव साली निदान मी होतो तरी. हसले तर उठून घरी आलो. मेल्यावर हसले तर कुठं जाऊ?”

शहाण्णव साली ह्याच तोंडाकडे बघून त्यांनी पेन उचललं होतं, आणि आजही हात तिकडेच ओढत होता. त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली दाबला.

“परत जाऊ,” रंगराव म्हणाले. “श्रीनिवासला सांगू, चुकीचं पाकीट गेलं.”

“पाकीट परत मिळत नाही. नियम तुमचा आहे.”

“तू चल तर. तू सांग त्याला. तुझं तो ऐकेल.”

“काय सांगू? माझं अक्षर सुंदर आहे, एवढंच मला येतं.”

स्टॉप आला. रंगराव क्षणभर दांड्याला लोंबकळले, वाटलं, बसतील. पण हॉल साडेबारापर्यंतच होता, आणि एक वाजत आला होता. ते नारळ काखोटीला मारून उतरले. काचेतून दिसलं, सिंहगड रस्त्याच्या मधल्या कठड्यापाशी जरीची शाल पांघरलेला एक म्हातारा येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हात करत होता. एक थांबली, बोलणं ऐकलं आणि निघून गेली.

“आजी,” शेजारची मुलगी म्हणाली, “आजोबा उतरले.”

“हो,” गोदाबाई म्हणाल्या. “दिसले मला.”

बस सुटली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि सवयीनं म्हणाला, “धायरी ना मावशी? दोन?”

गोदाबाईंनी एकदा मागे बघितलं. वळणामुळे आता तिकडचं काही दिसत नव्हतं.

“एक,” त्या म्हणाल्या.